शून्य मिनिटं, शून्य सेकंद

असिलकान एजे, म्हणजे असिलकानताई, आमच्या रेडिओवर आली ती जनरेटर चालू करायला. तिच्या नेमणुकीच्या कागदावर तसंच लिहिलं होतं: जनरेटर, शेगडी आणि दरवाजा. त्याआधी चोवीस वर्षं ती आमच्या आत-बाशी गावच्या वीज उपकेंद्रात पाळीवर असायची. मग उपकेंद्राचा सगळा कारभार नारिन शहरातून आपोआप चालायला लागला, तिची खुर्ची गेली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी ती घरी बसली. बसली म्हणजे कशीबशी तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात तिचा नवरा कुबात आमच्या संचालकांच्या दारात येऊन उभा राहिला.

"साती, हिला काहीतरी काम दे बाबा," तो म्हणाला. "घरातला एकूण एक दिवा हिने दोनदा खोलून बघितलाय. आता माझ्याकडे बघायला लागली आहे."

संचालक म्हणजे सातिबाल्दी बाइके; बाइके म्हणजे आमच्याकडे दादा. मन मोठं, पण घाई त्याहून मोठी. दोन खोल्यांचा आमचा रेडिओ, छतावर एक खांब, आणि खोऱ्यातल्या वीस-बावीस गावांत ऐकू जाणारा आवाज. कुणाची घोडी हरवली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, खिंड आज उघडी की बंद, हे सगळं मी सकाळी माइकवर सांगायची आणि अजूनही सांगते. माझं नाव सायराकुल. गाणी, बातम्या, जुन्या मुलाखती, सगळं एकाच संगणकात होतं. तो बोलला की रेडिओ बोलायचा.

त्या वेळी संगणकाचं काम एल्दियार नावाचा तरुण बघायचा. हुशार पोरगा. तो काही उघडून बसला की असिलकान एजे चहाची वाटी घेऊन शेजारी स्टूल ओढायची. "हे का केलंस?" "ते आधी का नाही केलंस?" प्रत्येक उत्तर वहीत उतरवायची, डाव्या बाजूला वेळ घालून. उपकेंद्रातली सवय.

एल्दियार हसायचा. "एजे, हे तुमचं उपकेंद्र नाही."

"वीज तीच आहे ना?" ती म्हणायची.

दोन वर्षांनी एल्दियार बिश्केकला मोठ्या नोकरीवर गेला. काही अडलं की आम्ही त्याला फोन करायचो आणि तो फोनवरून सांगेल तसं करायचो. असिलकान एजेला विचारावं असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ती आपली शेगडीत शेणी घालायची, वीज गेली की अंगणात जाऊन जनरेटरची दोरी ओढायची. टेबलाखाली एक बॅटरीचा खोका होता. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतची चार मिनिटं संगणकाला जगवायचं एवढंच त्याचं काम. शरद ऋतूत त्याची बॅटरी फुगली. एजेने तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तर लेखी दिलं.

"पुढच्या महिन्यात बघू," बाइके म्हणाले. तो पुढचा महिना फेब्रुवारीपर्यंत पुढेच राहिला.

फेब्रुवारीत बालजान आपा आली. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, वरच्या गावात राहणारी. कोमुझच्या तीन तारांवर तिच्या बापाने बांधलेल्या अकरा धुना तिला येत होत्या, आणि त्या दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या. दोन वर्षं मी तिच्या मागे लागले होते. सांधे धरलेले, बोटं वळत नव्हती. शेवटी ती कबूल झाली, पण तिच्या अटीवर.

"एकदाच वाजवीन. पुन्हा मागायचं नाही. दुसऱ्यांदा वाजवायला माझ्याकडे बोटं शिल्लक नाहीत."

बुधवारी सकाळी पुतण्याने तिला गाडीतून आणून सोडलं. शेगडीजवळ बसून तिने मेंढीच्या शेपटीची चरबी बोटांना चोळली. एकेक बोट ओढून मोकळं केलं. मग वाजवायला बसली. एक धून वाजवायची, दम खायची, बाप ती कुठल्या घोड्यावर बसून कुठल्या कुरणात गुणगुणायचा ते सांगायची आणि पुढची धरायची. तास उलटून गेला. काचेपलीकडे बसलेल्या माझ्या डोळ्यांना धार लागली होती. अकरावी धून शेवटाकडे आली आणि दिवा गेला. संगणकाचा पंखा घुर्र करून थांबला. पडदा काळा.

बालजान आपा वाजवतच होती. खिडकीतून येणाऱ्या बर्फाच्या उजेडात तिने ती धून शेवटपर्यंत नेली, कोमुझ मांडीवर आडवा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तोंड का असं झालंय तुझं?"

"आपा, वीज गेली."

"मग? माझी बोटं काय विजेवर चालतात?"

दोन मिनिटांनी वीज आली, लगेच गेली, पुन्हा आली. बाइके धावत आले आणि त्यांनी संगणकाच्या बटणाकडे हात नेला.

"हात काढ, साती!" दारात असिलकान एजे उभी होती. बुटांवर गुडघ्यापर्यंत बर्फ, हातात जनरेटरची तुटलेली दोरी. एवढ्या वर्षांत तिचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"का? काय पेटलं?"

"अजून नाही. तू बटण दाबलंस तर पेटेल. गेलेली वीज परत येते ना, तेव्हा ती शुद्धीवर नसते. तिला जरा सावरू दे."

तिने सगळ्या वायरी भिंतीतून उपटल्या. खिशातून विजेचा मापक काढून भिंतीतल्या प्लगच्या भोकात घातला. दोनशेवीस व्होल्ट हवेत तिथे एकशेपासष्ट होते, मग एकदम दोनशेपन्नास. तिने वहीत लिहिलं आणि चहा ठेवला. चाळीस मिनिटं आम्ही चहा प्यायलो. इकडे फोन वाजायचा थांबेना. "रेडिओ मेला का?" सगळ्या खोऱ्याला हाच प्रश्न पडलेला. बाइके खोलीत येरझाऱ्या घालत होते.

वीज स्थिरावल्यावर एजेने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. संगणकाच्या खोक्यातून तीन लांब शिट्ट्या आल्या.

"रडतोय," मी म्हणाले.

"बोलतोय," एजे म्हणाली. "स्मरणाची पट्टी हलली आहे म्हणतोय."

तिने झाकण उघडलं, बोटाएवढी लांब पट्टी बाहेर काढली, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घासले आणि पट्टी पुन्हा खटकन बसवली. पडदा उजळला. माझा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात संगणकाने तारीख विचारली. त्याच्या मते चौदा वर्षांपूर्वीचा एक जानेवारी होता.

"आतला नाण्याएवढा सेल संपलाय," एजे म्हणाली. "वायर काढली की हा सगळं विसरतो." तिने बाइकेंकडे वळून हात पुढे केला. "गाडीची किल्ली दे."

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. किल्लीतला सेल हवाय. तोच आहे."

"आणि मी गाडी कशी उघडू?"

"किल्लीने, साती. तुझा बाप उघडायचा तशी."

सेल बसला, तारीख लागली. पण संगणक त्यापुढे जाईना. पडद्यावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी ओळ येई, तिच्याखाली चाक गोल गोल फिरे, सगळं बंद पडे आणि पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा तेच झाल्यावर बाइकेंनी एल्दियारला फोन लावून टेबलावर ठेवला.

"चालू असताना झटका बसला ना, डिस्कची मांडणी विस्कटली असणार," एल्दियार म्हणाला. "सगळं पुसा आणि नव्याने टाका. तासाभराचं काम. गाणी माझ्याकडे आहेत, मी पाठवतो."

"ऐकलंत?" बाइकेंचा चेहरा खुलला. "तासाभरात रेडिओ चालू."

"आणि बालजान आपा?" एजेने विचारलं.

"आपाला पुन्हा बोलावू."

आपा तोवर गावी पोचली होती. मी फोन लावला. पुतण्याने सांगितलं की हात सुजून तळून फुगलेल्या बोरसोकसारखा झालाय, चमचासुद्धा धरवत नाही. मागून आपाचा आवाज आला, "सांगितलं होतं ना तिला, एकदाच म्हणून!" मी फोन ठेवला आणि दोघांना सांगितलं.

बाइके खुर्चीत बसले. "एजे, मलाही वाईट वाटतंय हो. पण खिंड बंद आहे की उघडी, हे लोकांना कोण सांगणार? एका म्हातारीच्या धुनांसाठी सगळं खोरं मुकं ठेवू?"

"उद्या दुपारपर्यंत वेळ दे."

"आणि नाही झालं तर?"

"तर पूस. साती, उपकेंद्रात आमचा एक नियम होता. तारेत दोष असला तर आधी बघायचं, आत कुणी माणूस आहे का. माणूस बाहेर काढायचा, मग तारेचं काय करायचं ते करायचं." तिने काळ्या पडद्याकडे बोट केलं. "आत एक म्हातारी बसली आहे."

बाइकेंनी टोपी घातली आणि खिंडीची बातमी सांगायला स्वतः बाजारात गेले.

दुसऱ्या दिवशी आठला मी पोचले तर नव्या दोरीने सुरू केलेला जनरेटर आधीच धडधडत होता. गावच्या विजेवर आज भरवसा नको, असं एजेने ठरवलं होतं. तिच्या गळ्यात दोरीला एक पेन ड्राइव्ह लटकत होता. त्यावर एक छोटी प्रणाली होती, संगणकाच्या आजारी डिस्कला हातही न लावता त्याला जागं करणारी. शाळेच्या ग्रंथालयात बसून तिने ती मागच्या हिवाळ्यात स्वतः तयार केली होती.

"कशाला केली होतीत?" मी विचारलं.

"उपकेंद्रात वाळूची बादली कशाला ठेवतात? आग लागल्यावर वाळू आणायला नदीवर जायचं नसतं."

संगणक त्या पेन ड्राइव्हवरून जागा झाला. अनोळखी निळसर पडदा, पण त्यात आमची डिस्क दिसत होती. एकेक कप्पा नावासकट. एजेने काही दुरुस्त केलं नाही, काही उघडलंही नाही. बाहेरची डिस्क जोडली आणि सगळंच्या सगळं तिकडे उतरवायला लावलं. नऊ वाजता सुरुवात झाली. अकराला एका कप्प्यावर, किती उतरलं ते दाखवणारी हिरवी पट्टी अडकली. ती हलेना. मी तोंड उघडणार तर एजेने हात वर करून मला गप्प केलं. सात मिनिटं आम्ही दोघी त्या हिरव्या पट्टीकडे पाहत होतो. मग पट्टी पुढे सरकली, आणि माझ्या लक्षात आलं की मी एजेची बाही घट्ट धरून ठेवली होती.

पाऊण वाजता सगळं उतरलं.

"आता पुसायचं?" बाइकेंनी विचारलं.

"आता कुठं काय भीती आहे! पण आधी त्यालाच विचारू, कुठं दुखतंय ते."

तिने डिस्कची तपासणी लावली. पडद्यावरून ओळी सरकू लागल्या: हे चुकलं, हे जुळवलं, हे अनाथ सापडलं, हे जागेवर ठेवलं. चाळीस मिनिटांनी संगणक स्वतःहून बंद झाला, उघडला, आणि समोर आमचा नेहमीचा पडदा आला, बाइकेंच्या नातवाच्या फोटोसकट. काही पुसावं लागलं नव्हतं.

दोन वाजता मी माइक उघडला. "आत-बाशी, आम्ही आहोत," एवढंच म्हणाले आणि पहिलं गाणं सोडलं. फोन असे वाजायला लागले जणू दोन गावांचा सोयरसंबंध जुळलाय. बाइकेंनी कुणाच्यातरी घरून कुर्दाकची, तळलेल्या मटणाची, कढईच मागवली.

असिलकान एजे जेवायला उठली नाही. ती बुधवारची फाइल शोधत होती. सापडली. नाव बरोबर, जागा बरोबर. तिने ती वाजवायला लावली. काहीच नाही. लांबीच्या रकान्यात लिहिलं होतं: शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

घास माझ्या तोंडातच राहिला.

बाइकेंनी पुन्हा फोन लावला तेव्हा एल्दियार म्हणाला, "एजे, ती फाइल मेली. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की असंच होतं. तुम्ही जे केलंत ते आमच्या इथल्या चार जणांना जमलं नसतं, खरंच. पण हे सोडा."

बाइकेंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "एजे, पुष्कळ केलंत. या, जेवा."

ती हलली नाही. तिचं लक्ष शेजारच्या रकान्यावर होतं.

"साती, रिकाम्या पोत्याला वजन असतं का?"

"म्हणजे?"

"लांबी शून्य म्हणतोय. पण वजन बघ, सव्वा गिगाबाइट. काल सकाळच्या बातम्यांपेक्षा कितीतरी जड. काही नसेल तर एवढं वजन कशाचं?" ती आता आमच्याशी बोलत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. "फाइलच्या कपाळावर लांबी लिहायची असते. पण ती लिहितात काम संपल्यावर, कारण तोवर माहीतच नसते. वीज गेली, कपाळावर लिहायचं राहून गेलं. मग हा वाजवणारा कपाळ बघतो, शून्य वाचतो आणि दार लावून घेतो. पोटात बघतच नाही."

फोनमधून एल्दियार हळूच म्हणाला, "एजे... ध्वनीच्या प्रोग्रॅममध्ये 'कच्चं वाच' असं काहीतरी असतं. मी कधी वापरलं नाही."

"सापडलं," एजे म्हणाली.

तिने प्रोग्रॅमला सांगितलं, कपाळाकडे बघू नकोस, आहे ते सगळं वाच. पडद्यावर जाड काळा पट्टा उमटला. तिने वाजवलं. खडी भरलेला ट्रक पत्र्यावर ओतावा तसा आवाज झाला. बाइकेंच्या हातातली चहाची वाटी त्यांच्याच मांडीवर सांडली.

"बंद करा! ही आपा नाही, ही दरड कोसळतेय!"

एजेने बंद केलं, पण ती खट्टू झाली नाही. वहीत एक ओळ लिहिली. मग त्याच सकाळची बातम्यांची फाइल उघडून तिने बघितलं की आमचं यंत्र आवाज किती वेगाने, किती बारीक आणि किती वाटांनी टिपतं. तीन आकडे होते. दोन तिने घातले, तिसरा घालायचा राहिला. पुन्हा वाजवलं.

या वेळी खडी नव्हती. कुणीतरी खोल गुहेत, झोपेत बोलावं तसा जाडाभरडा, रेंगाळणारा आवाज होता.

"ही आपा आहे की अस्वल?" बाइके म्हणाले.

पण मी उभीच राहिले. त्या अस्वलाच्या बोलण्यात मला एक शब्द कळला होता. 'चरबी'. "एजे, ती बोटांच्या चरबीचं बोलतेय! एजे, ही तीच आहे!"

"वेग निम्मा झालाय," एजे म्हणाली. तिने तिसरा आकडा घातला.

टक् असा एक आवाज झाला. मग शेगडीत शेणी तडकल्याचा. मग माझाच आवाज, "आपा, आधी चहा घ्या ना." आणि बालजान आपाचा, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा, "चहा नंतर. चरबी लावलीय, बोटं गरम आहेत तोवर वाजवू दे."

आणि कोमुझ वाजला.

बाइकेंनी टोपी काढली आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे, कुर्दाकच्या कढईसमोर. फोनमधून एल्दियार ओरडत होता, "आवाज वाढवा! मलाही ऐकू द्या!" मी एजेच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "थांब, थांब, आधी दोन जागी उतरवून घेऊ," आणि उतरवून घेतल्यावरच तिने खुर्चीला पाठ टेकली आणि हसली. तिचा वरचा एक दात सोन्याचा आहे हे मला त्या दिवशी कळलं. वहीत तिने लिहिलं: तीन वाजून दहा मिनिटं, आपा बाहेर.

शेवटून दुसरीपर्यंत दहा धुना पुऱ्या होत्या. अकरावीची शेवटची अर्ध्या मिनिटाची ओळ तेवढी नव्हती. ती वीज गेल्यानंतरची, ती कुठल्याच डिस्कवर सापडणार नव्हती. मी भीत भीत आपाला फोन करून सांगितलं.

"एवढंच ना?" आपा म्हणाली. "हात सुजलाय, घसा नाही सुजला. घे." आणि तिने ती ओळ फोनवर गुणगुणली. आम्ही ती तशीच टिपून घेतली आणि अकराव्या धुनेला जोडली. बोटं थांबतात आणि पुढे म्हातारीचा गळा ती धून घरी नेतो. आता लोक ती धून तशीच वाजवतात, शेवट गुणगुणून. बापाने तशीच बांधली होती असं त्यांना वाटतं.

बॅटरीचा नवा खोका आठवड्याच्या आत आला. बाइके स्वतः नारिनला जाऊन घेऊन आले, मांडीवर ठेवून. एजेच्या नेमणुकीचा कागद त्यांनी फाडला आणि नवा केला. त्यावर 'तंत्रज्ञ' असं लिहिलं. शेगडी आणि दरवाजा आता आम्ही पाळीने बघतो. गावच्या दवाखान्यातला किंवा शाळेतला संगणक बंद पडला की पहिला फोन एजेला येतो. कुबात सगळीकडे सांगत फिरतो, "माझी बायको मेलेल्या खोक्यांना जिवंत करते. मी आजारी पडलो तर मात्र म्हणते, बंद करून पुन्हा चालू हो."

नोरूझच्या, वसंतातल्या नव्या वर्षाच्या, दिवशी आम्ही अकराही धुना सलग लावल्या. सगळं खोरं गावाबाहेरच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यतीला जमलं होतं. शर्यतीला अजून वेळ होता. चिखल आणि बर्फ यांच्यामध्ये शे-दीडशे गाड्या उभ्या होत्या, सगळ्यांची दारं उघडी, सगळ्यांचे रेडिओ आमच्याच आवाजावर लावलेले. एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंत चालत गेलं तरी धून तुटत नव्हती. घोडेस्वार खोगिरात बसल्या जागी ऐकत होते.

बालजान आपा पुतण्याच्या गाडीत पुढे बसली होती. अकरावी धून संपली तशी ती उतरली, काठी टेकत टेकत गर्दीतून वाट काढत आली आणि मला म्हणाली, "ती वीजवाली कुठे आहे?"

मी असिलकान एजेला पुढे ढकललं. ती लाजून मागे मागे सरत होती. आपाने दोन्ही हातांचे तळवे आकाशाकडे उघडले आणि तिला आशीर्वाद दिला, आमच्याकडे मुलाला लांबच्या प्रवासाला धाडताना देतात तो मोठा आशीर्वाद, सावकाश, एकही शब्द न गाळता. आजूबाजूच्या साऱ्यांनी तळवे उघडले. बाइकेंनी, कुबातने, घोड्यावरच्या पोरांनीसुद्धा. शेवटी सगळ्यांनी एकदम तोंडावरून हात फिरवले.

"माझ्या बापाला तू ओळखत नव्हतीस," आपा म्हणाली. "तरी त्याला बर्फातून ओढून काढलंस."

एजेने आपाचा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ऊब देत उभी राहिली. तेवढ्यात शर्यतीचा इशारा झाला आणि घोडे सुटले.